लॅन्थेनम-निकेल आणि ग्रॅफाइट : हायड्रोजनच्या नळकांड्याच्या कामाच्या नोंदी

काम कशाचं, ते आधी सांगते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत १०० वॉटचा, पंख्याने हवा घेणारा फ्युएल सेल (हायड्रोजन आणि हवेपासून वीज करणारं यंत्र) पडून होता. त्याला मोठ्या सिलिंडरऐवजी हायड्राइडचं (हायड्रोजन शोषून धरणाऱ्या धातूचं) छोटं नळकांडं जोडायचं, खोलीच्या तापमानाला आणि कमी दाबाला हायड्रोजन साठवायचा, पाऊण तासाच्या आसपास दिवा पेटता ठेवायचा. अंतिम वर्षाची मुलं, वर्कशॉपमधले टर्नरकाका आणि मी. असंच काही करायला घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवल्या आहेत. दाब सगळीकडे निरपेक्ष, म्हणजे वातावरणाचा दाब धरून, आहेत. जिथे गेजचा आकडा आहे तिथे तसं लिहिलं आहे. पुण्यात वातावरणाचाच दाब ०.९५ बारच्या आसपास असतो, तेव्हा गेजमध्ये सरसकट १ मिळवू नका.

४ नोव्हेंबर २०२४

साहित्य ठरलं. मुलांचा ओढा मॅग्नेशियमकडे होता, कारण कागदावर त्यात वजनाच्या ७.६ टक्के हायड्रोजन बसतो. पण तो बाहेर काढायला, एक बार दाब मिळावा म्हणून, २८० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. शिवाय प्रत्येक मोल हायड्रोजनमागे सुमारे ७५ किलोज्यूल उष्णता द्यावी लागते. हायड्रोजनच्या ऊर्जेतला तीन दशांश भाग तो सोडवण्यातच जातो. आमचा फ्युएल सेल साठ-सत्तर अंशांच्या वर जात नाही, म्हणजे ही उष्णता त्याच्याकडून मिळणार नाही.

म्हणून लॅन्थेनम-निकेल (एका लॅन्थेनमला पाच निकेल). यात जेमतेम १.३८ टक्के हायड्रोजन बसतो, पण २५ अंशांना पावणेदोन बारच्या आसपास दाबाने तो बाहेर येतो आणि मोलमागे साधारण ३१ किलोज्यूल पुरतात. गाडीसाठी हे खूप जड आहे. गाड्यांच्या ७०० बारच्या टाक्या वजनाच्या पाच-सहा टक्के हायड्रोजन नेतात, त्यांच्याशी याची बरोबरी नाही. जिथे वजनाचं ओझं वाटत नाही तिथे हायड्राइड चालतं. जर्मनीच्या २१२ वर्गाच्या पाणबुड्यांत हायड्रोजन धातूच्या हायड्राइडमध्येच ठेवतात. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात ओ. एन. श्रीवास्तव यांच्या गटाने हायड्राइडच्या टाकीवर मोटारसायकली चालवून दाखवल्या. आमचं नळकांडं टेबलावर राहणार आहे, त्यामुळे वजनाची काळजी सोडली.

हिशेब: ४०० ग्रॅम मिश्रधातू, म्हणजे पाच-साडेपाच ग्रॅम हायड्रोजन, म्हणजे ६० लिटरच्या आसपास. फ्युएल सेल पूर्ण भारावर मिनिटाला १.३ लिटर घेतो.

१८ नोव्हेंबर

नळकांड्याचं शरीर तयार. ३१६ स्टेनलेसचा दीड इंची जाड पाइप, आतून ३९ मिलिमीटर बोअर केलेला, आतली लांबी १५ सेंटिमीटर. एका टोकाला टिग वेल्डिंगने बूच, दुसऱ्या टोकाला ओ-रिंगचा फ्लँज.

काकांनी भिंतीची जाडी बघून विचारलं, "मॅडम, पंधरा बारसाठी एवढा जाड पाइप कशाला? निम्म्यात भागेल." वायूपुरतं बघितलं तर त्यांचं बरोबर आहे. पण हा धातू हायड्रोजन पिऊन आकारमानाने जवळजवळ २५ टक्के फुगतो. नळकांडं उभं ठेवलं की बारीक झालेली पावडर दर फेरीला (एकदा भरणं आणि रिकामं करणं) खाली बसत जाते, तळाशी घट्ट होते आणि पुढच्या फुगण्याला भिंत ढकलते. अशाने पाइप फुगतात. म्हणून जाड भिंत, आत निम्म्याच्या जवळपास जागा रिकामी, आणि नळकांडं कायम आडवं.

पाण्याने दाबचाचणी २५ बारला केली. पाइप, लेथ, वेल्डिंग मिळून साडेपाच हजार. दाबाचा ट्रान्सड्यूसर सात हजार.

२९ नोव्हेंबर

हा सगळा आठवडा गळती शोधण्यात गेला. हेलियम भरून साबणाचं पाणी लावलं की बुडबुडा दिसायचा नाही, पण रात्रीत दाब उतरायचा. दोष पाव इंची नळीच्या फिटिंगमध्ये निघाला. नळी हॅक-सॉने कापली होती, कापलेल्या कडेचा बर (धारदार कोर) आत राहिला होता आणि फेरूल (नळीवर आवळून बसणारी कडी) तिरका बसला होता. चाकाच्या कटरने कापून, बर काढून, नवे फेरूल घातले आणि गळती गेली. टेफ्लॉन टेप फक्त निमुळत्या आट्यांवर लावा. फेरूलच्या फिटिंगवर टेप लावली की तो फेरूल नीट चावत नाही.

सिलिंडरला रेग्युलेटर बसवताना एका विद्यार्थ्याने जोर लावून नट नेहमीच्या दिशेने फिरवायला घेतला. हायड्रोजनच्या सिलिंडरचे आटे डावे असतात. ते तसे मुद्दाम केलेले असतात, दुसऱ्या वायूचा रेग्युलेटर चुकून बसू नये म्हणून. सिलिंडर साखळीने भिंतीला, वायुसूचक छताजवळ, खिडकीची वरची फळी उघडी. हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात हायड्रोजन पेटतो, आणि तो वर जाऊन साठतो.

९ डिसेंबर

अर्धा किलो मिश्रधातू आली, खडीसारखे तुकडे. किंमत १८ हजार, सगळ्या कामातला सर्वांत मोठा खर्च. नळकांड्यात भरण्याआधी दहा ग्रॅम छोट्या नमुनाकुपीत घेऊन मोजमाप सुरू केलं. माहीत असलेल्या घनफळाच्या टाकीत हायड्रोजन भरायचा, कुपीचा व्हॉल्व्ह उघडायचा, दाब किती उतरला त्यावरून किती शोषला ते काढायचं.

पहिला दिवस कोरडा गेला. १५ बारवर दोन तास ठेवूनही दाब हलला नाही. मिश्रधातू खराब निघाली म्हणून पुरवठादाराला पत्र लिहायची तयारी झाली होती. पण कुपी आणि नळ्या पाण्याने तपासल्यानंतर फक्त हवेने फुंकल्या होत्या. ओलावा आत होता आणि धातूच्या पृष्ठभागावरचा थर निघत नव्हता. ८० अंशांवर रात्रभर पंपाने निर्वात केलं, थंड केलं, २० बार हायड्रोजन सोडला. तरी पहिली चाळीस मिनिटं काही नाही. मग एकदम थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चढायला लागलं आणि दाब कोसळला. पुढच्या फेऱ्यांत वाट बघावी लागली नाही. व्हॉल्व्ह उघडताच शोषण सुरू व्हायचं.

मोजलेली क्षमता १.३२ टक्के. पुढचे सगळे हिशेब याच आकड्यावर.

१९ डिसेंबर

४०० ग्रॅम नळकांड्यात भरले, ॲक्टिव्हेशन (निर्वात करून पहिल्यांदा हायड्रोजन शोषायला लावणं) झालं, संध्याकाळी व्हॉल्व्ह बंद करून घरी गेलो. तेव्हा खोली २७ अंश, दाब १.९ बार. सकाळी सातला गेज जवळजवळ शून्यावर. मुलांचे चेहरे उतरले, कारण गळतीचा आठवडा सगळ्यांच्या लक्षात होता. एकाने पाने काढून फ्लँज सैल करायला घेतला होता, त्याला थांबवलं.

खोली १३ अंशांवर होती. या हायड्राइडचा दाब १३ अंशांना सुमारे १.०४ बारच असतो. हायड्रोजन सगळा आत होता. नळकांडं कोमट पाण्यात धरल्यावर दाब पुन्हा वर आला.

साध्या सिलिंडरची सवय असेल तर हे ध्यानात ठेवा: हायड्राइडचा दाब किती हायड्रोजन उरला ते सांगत नाही, तापमान सांगतो. १० अंशांना ०.९, २५ ला १.७५, ४० ला ३.२, ६० ला साडेसहा बार. किती उरला ते बाहेर गेलेला वायू मोजून किंवा वजनकाट्यावरच कळतं. गळतीची चाचणी हायड्राइड भरण्याआधी, हेलियमवर उरकून घ्या.

३ जानेवारी २०२५

नुसत्या पावडरीची पहिली पूर्ण चाचणी. नळकांडं टेबलावर आडवं, बाजूला प्रवाहनियंत्रक, बाहेर मोकळी हवा. मिनिटाला १.३ लिटर मागितले. पाचेक मिनिटं मिळाले, मग प्रवाह झपाट्याने उतरला आणि सव्वाशे-दीडशे मिलिलीटरवर जाऊन रेंगाळत राहिला. नळकांड्याला हात लावला तर गार.

हायड्रोजन बाहेर पडताना उष्णता ओढून घेतो. १.३ लिटर दर मिनिटाला म्हणजे सुमारे ३० वॉट. ही उष्णता बाहेरून मिळाली नाही की धातू स्वतःला गार करतो, गार झाला की दाब उतरतो, दाब उतरला की वायू येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हा मोठा गुण आहे: नळी तुटली तरी सगळा वायू एका झटक्यात बाहेर येत नाही. पण फ्युएल सेल चालवायचा तर हाच अडथळा.

८ जानेवारी

मध्येच प्रवाह पूर्ण बंद. तोंडावरचा २ मायक्रॉनचा सिंटर्ड (धातूची पावडर भाजून केलेला, सच्छिद्र) फिल्टर पावडरीने बुजला होता. फेऱ्यांगणिक धातू तडकत जातो आणि कण काही मायक्रॉनवर येतात. त्यात निर्वात करताना व्हॉल्व्ह झटकन उघडला गेला आणि सगळी धूळ तोंडाशी ओढली गेली.

आता तोंडावरच्या चकतीऐवजी मधोमध लांबभर सिंटर्ड स्टेनलेसची ८ मिलिमीटरची नळी घातली, अर्ध्या मायक्रॉनची. साडेसहा हजार गेले. पृष्ठभाग इतका वाढतो की बुजण्याचा प्रश्न उरत नाही, आणि वायूला धातूच्या प्रत्येक भागातून बाहेर यायचं अंतर कमी होतं. ही नळी पहिल्यापासून घालावी. व्हॉल्व्ह सुईचा घ्या आणि सावकाश उघडा.

१५ जानेवारी

नळकांडं ३० अंशांच्या पाण्यात ठेवून तीच चाचणी. आता पहिली पंधरा मिनिटं पूर्ण प्रवाह, मग हळूहळू उतार. बाहेरचं पाणी ३० अंश आणि मधलं थर्मोकपल १४ अंशांवर अडकलेलं. भिंतीलगतची पावडर रिकामी झाली होती, मधली भरलेली होती आणि तिच्यापर्यंत उष्णता पोचत नव्हती.

संध्याकाळी फळ्यावर हिशेब मांडला. सैल पावडरीची उष्णतावाहकता हायड्रोजनमध्येही मीटर-केल्विनला अर्ध्या वॉटच्या आसपास. १०५ घन सेंटिमीटर पावडरीतून ३० वॉट खेचायचे तर भिंत आणि मध्य यांत पन्नासहून जास्त अंशांचा फरक लागतो. एवढा फरक आपल्याकडे नाही. वाहकता पाचपर्यंत नेली तर तोच फरक पाच अंशांवर येतो.

इथून कामाची दिशा बदलली. किती हायड्रोजन बसतो हा प्रश्न बाजूला पडला. उष्णता आत कशी न्यायची आणि बाहेर कशी काढायची, एवढाच प्रश्न उरला. म्हणून ग्रॅफाइट, कारण ते उष्णता चांगली वाहतं.

२४ जानेवारी

फुगणाऱ्या ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे बाजारात मिळतात. त्यांच्या थरांत आम्ल शिरवलेलं असतं. ९०० अंशांच्या भट्टीत काही सेकंद टाकले की आतलं आम्ल वायू होतं आणि पापुद्रा शेकडो पटींनी ताणला जाऊन काळ्या गांडुळांसारखा लांब होतो. मूस चमचाभरच भरा. आम्ही पाव मूस भरली होती, सगळं बाहेर येऊन भट्टीच्या तारांवर गेलं. ग्रॅफाइट वीज वाहतं, तेव्हा भट्टी गार करून तारा झाडून काढल्याशिवाय पुढे गेलो नाही. धूर गंधकाच्या आम्लाचा असतो, त्यामुळे सगळं काम धूरकपाटात.

फुगवलेलं ग्रॅफाइट नंतर निर्वातात तापवून घेतलं. गंधकाचे अंश राहिले तर ते मिश्रधातूचा पृष्ठभाग मारतात.

३ फेब्रुवारी

जुनी पावडर नळकांड्यातून काढायची होती. हा सर्वांत धोक्याचा टप्पा, म्हणून सविस्तर लिहिते. फेऱ्या झालेली पावडर इतकी बारीक आणि ताजी असते की हवा लागताच तापून पेटू शकते. आधी ८० अंशांवर निर्वात करून हायड्रोजन पूर्ण काढला. थंड केल्यावर आर्गॉन भरला. मग सिरिंजने थोडी थोडी हवा आत सोडत गेलो, दर वेळी थर्मोकपल बघून. तापमान चढलं की थांबायचं, खाली आलं की पुढची हवा. यात पूर्ण दिवस गेला. घाई करू नका. जवळ कोरडी वाळू ठेवली होती. कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक तापलेल्या धातूच्या पावडरीवर वापरायचा नाही, पाणी तर नाहीच. निकेल आहे, तेव्हा मास्क आणि हातमोजे हवेतच.

७ फेब्रुवारी

धातूची पावडर आणि ग्रॅफाइट मिसळणं, आणि दाबून चकत्या करणं. ग्रॅफाइट वजनाने ५ टक्के, म्हणजे ४०० ग्रॅमला २१ ग्रॅम. ऐकायला थोडं वाटतं, पण घनफळाने ते पातेलंभर होतं. एकदम मिसळलं तर जड धातू तळाशी आणि ग्रॅफाइट वर. बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी दळणाऱ्या यंत्रात) घातलं तर ग्रॅफाइटची लांब जाळी तुटते, आणि आपल्याला हवी ती नेमकी जाळीच. शेवटी एका चकतीपुरता, ४२ ग्रॅमचा घाणा वेगळा घेऊन बरणीत हलक्या हाताने फिरवला. हे जमलं.

काकांनी ३८ मिलिमीटरची डाय आणि मधोमध ८ मिलिमीटरची पिन करून दिली. हाताच्या हायड्रॉलिक प्रेसवर अकरा-बारा टन दाब. पहिल्या चकत्या बाहेर काढताना आडव्या चिरत होत्या. ग्रॅफाइटमध्ये हवा भरपूर असते, ती अडकते आणि दाब सोडताच थर उचलते. दोन टनांवर थांबायचं, हवा जाऊ द्यायची, मग पाच, मग पूर्ण, आणि दाब सोडतानाही सावकाश. चिरा थांबल्या. डायला तेल, मेण, स्टीअरिक काहीही लावू नका. ते पुढे हायड्रोजनमध्ये उतरतं. ग्रॅफाइटनेच डाय पुसली तरी पुरतं.

आणखी एक गोष्ट दाबताना लक्षात ठेवा. प्रेसच्या दाबाने ग्रॅफाइटचे थर आडवे झोपतात. उष्णता चकतीच्या पातळीत, म्हणजे मधून कडेकडे, उत्तम वाहते. वरून खाली वाहते ती फारच कमी. त्यामुळे चकतीची गोल कड भिंतीला जवळ हवी. तळाशी हीटर लावून उपयोग नाही.

दहा चकत्या, उंची साधारण १० सेंटिमीटर. एका टोकाला स्प्रिंग, फुगायला जागा म्हणून. चकत्यांमध्ये लिटरमागे ५० ग्रॅम हायड्रोजन बसतो, ७०० बारच्या टाकीतल्या वायूपेक्षा दाट. मुलांना हा आकडा फार आवडला आणि मलाही.

२० फेब्रुवारी

हवा लागलेली पावडर पुन्हा ॲक्टिव्हेट करायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला, पण क्षमता परत आली. ग्रॅफाइट या तापमानाला हायड्रोजन घेत नाही, त्यामुळे ते निव्वळ ओझं, पाच टक्क्यांचं.

टेबलावर, मोकळ्या हवेत चाचणी घेतली. सहा मिनिटं पूर्ण प्रवाह, मग पुन्हा तोच उतार. नुसत्या पावडरीपेक्षा फरक म्हणावा असा नाही. महिनाभराच्या मेहनतीनंतर हे बघून मुलं गप्प झाली.

२२ फेब्रुवारी

पाण्यात ठेवून परत घेतली. ३० अंशांच्या पाण्यात पूर्ण प्रवाह चाळीस मिनिटं. मधलं थर्मोकपल भिंतीच्या मागे थोडंसंच राहिलं.

म्हणजे ग्रॅफाइटने त्याचं काम केलं होतं, पण हवेतली अडवणूक आत नव्हतीच, ती बाहेर होती. स्थिर हवा चौरस मीटरला, अंशाला सात-आठ वॉट एवढीच उष्णता देते. आमच्या पाइपचा बाहेरचा पृष्ठभाग ०.०२३ चौरस मीटर. ३० वॉट घ्यायला खोली आणि पाइप यांत दीडशेहून जास्त अंशांचा फरक लागेल. आत कितीही चांगलं साहित्य घाला, ही भिंत ओलांडता येत नाही. कंपोझिट (धातू आणि ग्रॅफाइटचं असं मिश्रण) करायला घेण्याआधी हा हिशेब करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे आणि कुठल्या बाजूला पैसे घालायचे ते त्यातून ठरतं.

आत अजून एक चोरटी जागा सापडली. चकती ३८ आणि बोअर ३९, म्हणजे कडेला अर्ध्या मिलिमीटरची फट. फटीत हायड्रोजन असतो, तो हवेच्या सातपट उष्णता वाहतो म्हणून निभावतं. तरी पूर्ण प्रवाहाला या फटीत सात अंश खर्च होतात. डायचा नवा सेट ३८.७ चा करायला दिला. फट ०.१५, खर्च दोन अंश.

१० मार्च

बाहेरची बाजू. ॲल्युमिनियमचे गोल पंख लेथवर करून पाइपवर गरम करून चढवले. गार झाल्यावर घट्ट बसले. पृष्ठभाग चौपटीहून वाढला. मग फ्युएल सेलच्या पंख्यातून बाहेर पडणारी हवा पत्र्याच्या छोट्या नळीतून या पंखांवर सोडली. १०० वॉट वीज देताना सेल निदान तेवढी तरी उष्णता बाहेर टाकतो. आम्हाला तीसच हवेत. सेलमधून निघणारी ही हवा ४५ अंशांच्या आसपास येते.

एक दुरुस्ती लगेच करावी लागली. नळी इतकी अरुंद होती की सेलच्या पंख्याला उलटा दाब बसला, सेलला हवा कमी पडली आणि व्होल्टेज उतरलं. नळी रुंद केली, पंख विरळ केले.

१९ मार्च

भरण्याचा वेळ. १० बारवर, मोकळ्या हवेत पंख नसलेलं नळकांडं भरायला तीन तासांहून जास्त लागत होते. शोषताना हायड्रोजन तेवढीच उष्णता सोडतो. धातू ७० अंशांच्या जवळ गेला की त्याचा स्वतःचा दाब १० बारला भिडतो आणि शोषण थांबतं. ही अवस्था दहावा हिस्साही भरण्याआधी येते. पुढचं सगळं भरणं हे नळकांडं गार होण्याच्या गतीने.

आता नळकांडं पाण्याच्या बादलीत बुडवून भरतो. वीस मिनिटांत नव्वद टक्के. एकूण उष्णता ८० किलोज्यूलच्या आसपास, त्यामुळे पंधरा लिटरच्या बादलीतलं पाणी दीड अंशही तापत नाही. दाब वाढवून भरण्याचा वेळ वाचवायचा मोह टाळा. पाणी स्वस्त आहे, सुरक्षितही.

४ एप्रिल

पूर्ण जोडणी. नळकांडं, गेजवर अर्ध्या बारचा रेग्युलेटर, फ्युएल सेल, १०० वॉटचा भार. खोली ३५ अंश. ४२ मिनिटं चाललं. ५९ लिटरपैकी सुमारे ५५ लिटर वापरले गेले. धातूचं तापमान शेवटपर्यंत २४ अंशांच्या खाली गेलं नाही. रेग्युलेटरला अर्धा बार द्यायला किमान २२ लागतात. शेवटचे चारेक लिटर आतच राहतात, कारण रिकामं होत आलं की एरवी एकसारखा राहणारा दाब घसरतो.

मग बर्फाच्या पेटीत ठेवून नळकांडं १० अंशांवर आणलं आणि सुरू करून पाहिलं. सुरू झालं नाही. दाब वातावरणापेक्षाही कमी. सेल सुरू झाला तर उष्णता मिळेल, आणि उष्णता मिळाली तर सेल सुरू होईल. यावर २० वॉटचं सिलिकॉनचं तापणारं पॅड पाइपला गुंडाळलं, १२ व्होल्टच्या बॅटरीवर. दहाएक मिनिटांत दाब येतो, मग पॅड बंद. पॅडची उष्णताही बाहेरच्या बाजूने जाते, त्यामुळे ग्रॅफाइटचा फायदा इथेही मिळतो.

२२ एप्रिल

बऱ्याच फेऱ्या झाल्यानंतर नळकांडं उघडलं (३ फेब्रुवारीची पद्धत, पुन्हा पूर्ण दिवस). चकत्या फुगून फट पूर्ण भरली आहे, कडा पाइपला चिकटल्या आहेत. उष्णतेसाठी चांगलं. पण दोन चकत्या ठोकूनही निघाल्या नाहीत. दोन चकत्यांमधल्या आडव्या चिरा वाढल्या आहेत. उष्णता आडवी वाहते म्हणून त्याने बिघडलं नाही. स्प्रिंग अर्धी दाबली गेली आहे, म्हणजे उंचीतही वाढ झाली. पाइपचा बाहेरचा व्यास मोजला, बदल नाही.

क्षमता तीन-चार टक्क्यांनी उतरलेली दिसते. हायड्रोजन बहुतेक फेऱ्यांना शुद्ध सिलिंडरचा होता. पण मधल्या काळात इलेक्ट्रोलायझरच्या (पाण्यापासून विजेने काढलेल्या) वायूवर काही फेऱ्या घेतल्या, तेव्हा ओल शोषायला आधी सिलिका जेल आणि मग मॉलेक्युलर सिव्ह लावली होती. जेलचा रंग बदलून गेल्यानंतरही एक फेरी झाली. उतार तिथून सुरू झालेला आलेखात दिसतो. ८० अंशांवर निर्वात करून शुद्ध हायड्रोजनच्या फेऱ्या दिल्यावर त्यातला थोडा भाग परत आला.

पंखांसकट पूर्ण नळकांडं दोन किलोंच्या वर जातं आणि त्यात सव्वापाच ग्रॅम हायड्रोजन. पुढच्या नळकांड्याला पाइप पातळ घेता येईल असं मला वाटतं, कारण चकत्या खाली बसत नाहीत आणि भिंतीवर पावडरीसारखा जोर येत नाही. पण आधी पाइपवर स्ट्रेन गेज (धातू किती ताणला जातो ते मोजणारी पट्टी) चिकटवून मोजणार, मगच काकांना पातळ पाइप घ्यायला सांगणार.

नळकांडं वापरात नसताना पूर्ण रिकामं ठेवायचं नाही. निम्मा हायड्रोजन आत असू द्यायचा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे खोली दहा-अकरा अंशांवर येते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि व्हॉल्व्ह जरा जरी सैल असेल तर हवा आणि ओल आत ओढली जाते. म्हणून व्हॉल्व्हच्या पुढे पितळी टोपी घट्ट बसवतो आणि टोपीखालच्या नळीत आर्गॉन भरून ठेवतो.